शर्यतीत पहिली आलेली घोडी

फार वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या माळावर जमिनीची शर्यत लागली. जो आधी पोहोचून खुंट ठोकेल, त्याची जमीन! सीमेवर शेकडो घोडे फुरफुरत उभे होते. त्यांत जुनिपर नावाची तांबडी घोडीही होती. ती खुरांनी माती उकरत होती.

बंदूक कडाडली आणि जुनिपर उधळली. गाड्या मागे पडल्या, भलेभले घोडे मागे पडले. ओढ्यावरून तिने अशी झेप घेतली की पाठीवरचा मालक आनंदाने ओरडलाच. पलीकडे हिरवंगार रान होतं आणि तिथे चिटपाखरूही दिसत नव्हतं.

"जिंकलो! आपणच पहिले!" म्हणत मालकाने खाली उडी मारली.

तेवढ्यात गवतातून आवाज आला, "अगं बाई, खूर उचल. माझं दार बुजतंय."

जुनिपरने दचकून पाहिलं. बिळातून एक म्हातारी खार डोकावत होती. त्या माळावरच्या खारी झाडावर नाही, जमिनीत बीळ करून राहत.

"तू आमच्या आधी कशी आलीस?" घोडीने धापा टाकत विचारलं.

"आले कुठली? माझी आजीसुद्धा इथेच जन्मली."

मालक खुंट घेऊन नेमका बिळापाशीच आला. त्याला खारीचं बोलणं कळत नव्हतं. जुनिपर बीळ पोटाखाली घेऊन पाय रोवून उभी राहिली. त्याने लगाम ओढला, चुचकारलं, तो रागावला. ती हलली नाही. शेवटी वैतागून तो दूर गेला आणि तिथे त्याने हातोडा उगारला.

"उपकार झाले, पोरी," खार म्हणाली. "पण तिथे माझी बहीण राहते गं!"

पहिला घाव पडायच्या आत जुनिपर तिकडे धावत सुटली.