राहीचा कडा

समोरच्या काळ्या कड्याला तुमच्या नकाशात बहिरीचा कडा म्हटलंय. असू दे. पण गावात शिराल तेव्हा तसं म्हणू नका, राहीचा कडा म्हणा. दुर्बिणी गळ्यात घालून येणारे पाहुणे आल्या आल्या मला विचारतात, काका, बहिरी ससाणा कुठे दिसेल? त्या पांढऱ्या ओघळांच्या वर कपार आहे ना, तिथे जोडी बसते. मी बोट दाखवतो, पण नाव घेत नाही. सावरदऱ्यात आम्ही त्या पाखराला नुसतं ससाणी म्हणतो. ही गोष्ट सांगताना तेवढा तो शब्द तोंडावाटे काढावा लागतो, आणि दर वेळी तो जड जातो.

फार जुना काळ. पलीकडच्या डोंगरावर तेव्हा गड नांदता होता आणि आमच्या गावावर वेठ होती. बापये वर्षातले कितीतरी महिने गडावर दगड वाहायचे आणि इकडे शेतं पडीक राहायची. गडकऱ्याला शिकारी पाखरं पाळायचा भारी षोक. त्याने एकदा निरोप धाडला, कड्यावरच्या बहिरीचं पिल्लू आणून द्या, गावाची वेठ कायमची माफ. गाव हरखून गेलं. कड्यावरून खाली उतरणारा माणूस गावात एकच होता, गोमा. तो मधाची पोळी काढायचा.

या गोमाची बायको घाटाखालच्या वाडीतली. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. गाव तिला बहिरी म्हणायचं. तिच्या तोंडावरच म्हणायचे, तिला कुठे कळतंय म्हणून. पाण्यावर बहिरी आली, बहिरीला वाट द्या, असं रोजचं चालायचं. त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं. आपल्याकडे लंगड्याला लंगडा आणि चकण्याला चकणा म्हणतातच की. तिचं खरं नाव काय, हे कुणी कधी विचारलं नाही.

गोमा आधी तयार नव्हता. घरट्यात पिल्लं असली की मादी माणसाच्या अंगावर येते, हे त्याला ठाऊक होतं. पण गावाने फार गळ घातली तेव्हा तो कबूल झाला. फक्त म्हणाला, वर दोर सांभाळायला माझी बायको राहील, दुसरं कुणी नको. लोकांना हसू आलं. तेव्हा तो म्हणाला, असं सांगतात,

"तुम्ही दहा गोष्टी ऐकता. तिचं सगळं ध्यान दोरात असतंय."

खरंच तसं होतं. अंबाडीचा दोर वर अंजनीच्या बुंध्याला वेढा देऊन तिच्या हातात असे. खालच्या टोकाला फास, त्यात गोमाचा पाय. दोर कसा हलला की त्याला काय हवंय, ते तिच्या तळहाताला कळे. नवराबायकोची ती भाषाच होती म्हणा ना. मध काढताना आजवर ती कधी चुकली नव्हती, आणि त्या दिवशीही चुकली नाही. हे मी मुद्दाम सांगतो.

सगळं गाव कड्याखाली जमलं होतं. गोमा कपारीपाशी पोचला, पिल्लाला हात घालणार, एवढ्यात मादी उंचावरून पंख मिटून त्याच्यावर सुटली. खालच्यांनी ती पाहिली आणि सगळे एका आवाजात ओरडले,

"गोमा, बहिरी आली! बहिरी आली!"

गोमाला वाटलं, आपली बायको दोर सोडून कड्याच्या काठाशी आली. ती पडेल या धास्तीने त्याने मान वर केली. खाली मान घालून कातळाला चिकटला असता तर पंजा पाठीवर बसून निभावलं असतं. तो डोळ्यावर बसला. त्याचा हात सुटला, फासातला पाय निसटला आणि तो घळीत कोसळला.

दोर हलका झालेला तिला कळला. लोकांनी खालून पाहिलं, रिकामा फास वर गेला, पुन्हा खाली आला, पुन्हा वर गेला. ती त्याला शोधत होती.

गोमात अजून धुगधुगी होती. तो म्हणाला, "राहीला खाली आणा. तिला वर एकटी ठेवू नका." लोक एकमेकांना विचारू लागले, राही कोण? कुणी म्हणालं, त्याच्या कुळाची देवी असेल. कुणी म्हणालं, वेदनेने बरळतोय. मग त्याचा जीव गेला. बहिरी वर आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वर जायची वाट डोंगराला वळसा घालून जाते, शिवाय तिला सांगायचं तरी कोणत्या भाषेत? येईल आपणहून, असं म्हणून सगळे गोमाला घेऊन गावात गेले.

गोमाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. लोकांनी तिला जे घडलं ते सांगितलं, आणि तो कुणा राहीचं नाव घेत होता, तेही सांगितलं. म्हातारी रडली नाही म्हणे. तिने एवढंच विचारलं,

"राही माझी सून हाय. तिला वर टाकून आलात?"

माणसं धावत सुटली. वर पोचली तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. अंजनीला दोराची पक्की गाठ मारलेली होती आणि दोर कड्यावरून खाली सोडलेला होता. नवऱ्याला शोधायला ती त्याच दोराने उतरली होती. पण दोर कपारीपर्यंतच पुरत होता. दुपारी जिथून गोमाला उचललं, त्याच घळीत राही सापडली.

पिल्लू मिळालं नाही आणि वेठही सुटली नाही.

आजही चैत्रात ससाणी त्या कपारीत पिल्लं काढते आणि तिच्या वाटेला कुणी जात नाही. आजही सावरदऱ्यात माणसाला त्याच्या व्यंगावरून हाक मारत नाहीत. आणि लग्न होऊन नवी सून आली की तिला घरात घेण्याआधी कड्याखाली आणतात. इतर गावांत नवरी नवऱ्याचं नाव घेते. आमच्याकडे सगळं गाव नवरीचं नाव घेतं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट एकेक जण, मोठ्याने. सगळ्यांचं घेऊन झालं की कड्याकडे तोंड करून सगळे मिळून एकदा राहीचं नाव घेतात. तिला तर ते तेव्हाही ऐकू आलं नसतं. पण तेव्हा आम्हाला ते माहीत असायला हवं होतं.