मागच्या सीटचा ॲम्प्लिफायर

एकदा, जिथे यंत्रमागांच्या खडखडाटाने दिवस उगवतो आणि त्याच खडखडाटाने मावळतो अशा एका गावात, मोटारींमध्ये ध्वनियंत्रणा बसवून देणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. गाव त्यांना तात्या म्हणे. त्यांच्या हाताला गुण होता, पण त्यांची एक रीत लोकांना विचित्र वाटे. गाडी दारात आली की तात्या लगेच यंत्रांची खोकी काढत नसत. आधी गाडीचे सगळे दरवाजे उघडत, एकेका सीटवर जाऊन बसत, आणि मालकाला विचारत, “इथं कोण बसतं?”

आता सांगा, गाणे लावायच्या यंत्राला सीटवर कोण बसते याच्याशी काय देणेघेणे? लोक हसत. कोणी म्हणे, म्हातारा गाडीची कुंडली मांडतोय. तात्या मात्र उत्तर मिळाल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावत नसत.

त्यांच्या हाताखाली बाळगोंडा नावाचा एक शिष्य काम शिकत होता. तिशीतला, अंगापिंडाने दणकट, आणि कामाला वाघ. वायर अशी लपवी की गाडीच्या कंपनीलाही सापडू नये. एकच खोड होती त्याला. दुकानात नवा ॲम्प्लिफायर आला की तो आधी हाताने उचलून त्याचे वजन बघे. जड असेल तर त्याचे डोळे चमकत, हलका असेल तर तो फळीवर मागे सरकवून ठेवी. जड तो खरा, अशी त्याची पक्की समजूत. ॲम्प्लिफायर म्हणजे आवाजाला बळ देणारी पेटी. मग पेटीत बळ नको का? तात्यांच्या सीटवर बसण्याच्या रीतीचे तर त्याला मनातून हसूच येई, पण गुरूपुढे कोण बोलणार!

एके सकाळी ढवळे शेट आपली नवीकोरी गाडी घेऊन आले. गावातले मोठे कापडव्यापारी. मागच्या सीटवर त्यांच्या मातोश्री होत्या, चंद्राक्का. नऊवारी नेसलेल्या, ताठ बसलेल्या, आणि जणू कोणी तिथे आणून ठेवल्यासारख्या गप्प.

“तात्या,” शेट म्हणाले, “या गाडीत असा आवाज बसवा की आजवर कुणाच्या गाडीत नसेल. सगळ्यांत मोठा ॲम्प्लिफायर लावा.”

तात्या रीतीप्रमाणे मागचा दरवाजा उघडून चंद्राक्कांच्या शेजारी बसले. “आणि हिथं आक्का बसणार?”

“तिच्यासाठीच तर हे सगळं चाललंय,” शेट म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

मग त्यांनी सांगितले ते असे. ढवळ्यांचे आजचे वैभव चार मागांवर उभे राहिले होते, आणि ते माग चंद्राक्कांनी चालवले होते. उमेदीची सगळी वर्षे त्या खडखडाटात गेली. घर वर आले, आणि आक्कांचे कान गेले. आधी कुजबुज गेली, मग बोलणे गेले, मग सारेच. कानात घालायची यंत्रे आणली, ती त्यांनी काढून डब्यात ठेवली. शेटचे वडील, आबा, भजनी मंडळात पखवाज वाजवत. पखवाजाचे डावे तोंड, ज्याला धुमा म्हणतात, त्यावर वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो खर्ज बोलतो. ती कणीक आक्का मळायच्या. दुसऱ्या कोणाच्या हातची वडिलांना चालत नसे. भजन लांबले की कणीक वाळे, धुम्याचा सूर वर चढे, आणि आक्का पाण्याची वाटी गुपचूप पुढे सरकवत. वडील बोटे बुडवून कणकेवर ओला हात फिरवत, की धुमा परत जागेवर. वडील गेले तेव्हा आक्कांना ऐकू येणे बंदच झाले होते.

“परवा माळ्यावर आबांच्या भजनाची एक जुनी कॅसेट सापडली, तात्या. ती पेनड्राइव्हवर घेतली. मी ऐकली, रडलो. पण जिनं ऐकायची तिलाच ऐकू येत नाही हो! माझ्या दुकानाच्या एकेका पायरीपायी तिचे कान गेलेत. एकदा, फक्त एकदा तिला आबांचा हात ऐकू दे. एवढा मोठा आवाज लावा की तिच्या कानाचा पडदा उघडलाच पाहिजे.”

बाळगोंडाला भरून आले. तो पुढे होऊन म्हणाला, “तात्या, हे काम मला करू द्या.”

तात्यांनी त्याच्याकडे बघितले. “तू निवड, तू लाव,” एवढेच ते म्हणाले.

बाळगोंडाने फळीवरचा सगळ्यांत जड ॲम्प्लिफायर उतरवला. त्याने डिकीची निम्मी जागा खाल्ली, उरलेली मोठमोठ्या स्पीकरांनी खाल्ली. दुपारपर्यंत काम झाले. शेटनी आक्कांना हात धरून मागच्या सीटवर बसवले, पेनड्राइव्ह लावला, आणि बाळगोंडाने आवाज चढवला.

काय तो आवाज! समोरच्या चहाच्या गाडीवरचे ग्लास किणकिणले. रस्त्यावरचे लोक थबकले. शेट मागे वळून आईच्या तोंडाकडे आशेने बघत होते.

आक्कांनी दोन्ही कानांवर हात दाबले. त्यांचा चेहरा पिळवटून निघाला. “माग बंद कर रे!” त्या ओरडल्या. “माग बंद कर! डोकं फुटलं माझं!”

शेटनी घाईघाईने आवाज बंद केला. आक्का खाली उतरल्या आणि दुकानाच्या बाकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेट तिथेच स्टिअरिंगवर डोके टेकून बसले. “जाऊ दे तात्या,” ते म्हणाले, “नशिबात नाही. उगाच तिला त्रास दिला.” बाळगोंडाला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. ज्या आवाजाने त्या बाईचे आयुष्य खाल्ले, तोच त्याने तिला पुन्हा आणून दिला होता.

तात्यांनी चपला काढल्या, अनवाणी मागच्या सीटवर जाऊन बसले, पाय गाडीच्या तळाला टेकवले, तळवे सीटवर ठेवले, आणि डोळे मिटले. पूजेला बसावे तसे ते बराच वेळ बसून राहिले. मग उठून त्यांनी फळीच्या अगदी मागे सरकवलेला एक छोटा ॲम्प्लिफायर काढला. पंचांगाएवढा असेल नसेल. बाळगोंडाने तो कितीदा तरी हातात घेऊन परत ठेवला होता.

“तात्या!” शेट म्हणाले. “एवढा मोठा हरला, आणि ही डबी काय करणार? थट्टा करताय होय गरिबाची?”

“गरीब कोण, ते मग बघू,” तात्या हसून म्हणाले. “बाळगोंडा, ते सगळं उतरव.”

ती डबी दिसायला लहान होती, पण तिच्या पोटात पाच चॅनेल होते. म्हणजे आवाजाच्या पाच निरनिराळ्या वाटा. चार वाटा चार दरवाजांच्या स्पीकरांना, आणि पाचवी फक्त खर्जाच्या स्पीकरला. प्रत्येक वाटेचा जोर तिच्या तिच्या स्क्रूने कमीजास्त करता येई. डबी पुढच्या सीटखाली बसली, डिकी मोकळीच राहिली. मग तात्यांनी एक चपटा खर्जाचा स्पीकर मागच्या सीटच्या खाली, थेट तिच्या लोखंडी सांगाड्यावर आवळायला सांगितला.

बाळगोंडाने सवयीने रबराच्या चकत्या काढल्या.

“रबर नको,” तात्या म्हणाले.

“तात्या, रबर नसलं तर सीट थरथरंल की! तुम्हीच तर शिकवलंय.”

“थरथरू दे.”

बाळगोंडाला काही उमजेना. ज्या थरथरीपायी त्याने पहिल्या वर्षी बोलणी खाल्ली होती, ती आज गुरू आपल्या हाताने आत घेत होते! पण पुढे याहून नवल घडले. सगळे जोडून झाल्यावर तात्यांनी दरवाजांच्या चारही वाटांचे स्क्रू उलटे फिरवून पार बंद केले. गाणे बंद, टाळ बंद, हार्मोनियम बंद. पाचवी वाट तेवढी उघडी ठेवली, आणि तिचा स्क्रूही केसभर फिरवून थांबले.

“अहो, मग ऐकू काय येणार?” बाळगोंडा न राहवून बोलला.

“तुला काही नाही,” तात्या म्हणाले. “आक्कांना आणा.”

आक्का यायला तयार नव्हत्या. शेटनी हात जोडले, तेव्हा लेकासाठी म्हणून त्या पुन्हा मागच्या सीटवर बसल्या, पण हात कानांजवळच धरून. शेट पुढे बसले. बाळगोंडा त्यांच्या शेजारी. तात्या बाहेर, उघड्या दरवाजाशी उभे. पेनड्राइव्ह सुरू झाला.

गाडीत जवळजवळ शांतताच होती. कुठेतरी खोल, भिंतीपलीकडे कोणी जाते ओढावे तसा एक मंद घुमारा तेवढा येत होता. एवढ्यासाठी निम्मा दिवस घालवला, असे बाळगोंडाच्या मनात आले.

आक्कांचे हात कानांवरून हळूच खाली आले. त्यांनी सीटकडे बघितले. मग आजूबाजूला बघितले, कोणी धक्का दिला की काय अशा नजरेने. उजवा तळवा सीटवर ठेवला. तो तिथेच राहिला. थोड्या वेळाने त्यांचे एक बोट उचलले गेले आणि खाली आले. पुन्हा उचलले गेले. मग सगळी बोटे ठेका धरू लागली, आणि मान डोलू लागली. समेवर, अगदी नेमक्या समेवर, त्यांचा तळवा सीटवर पडला.

ज्या बाईला वर्षानुवर्षे कोणाची हाक ऐकू आली नव्हती, ती सम गाठत होती! बाळगोंडाने आरशात बघितले. आक्कांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होते.

“अशोक,” आक्का लेकाला हळूच म्हणाल्या, “तुझे आबा रे.”

शेटनी मागे हात करून आईचा गुडघा घट्ट धरला.

बाळगोंडा पाय न वाजवता खाली उतरला आणि तात्यांच्या जवळ गेला. “तात्या,” तो कुजबुजला, “हे झालं कसं?”

तात्या म्हणाले, “मागानं त्यांच्या कानाचं दार मोडलं, पोरा. मोडलेल्या दारावर तू घण घालत होतास. अशा कानाला बारीक ऐकू येत नाही आणि मोठं सोसत नाही. पण माणसाला काय एकच दार असतं? जन्मभर माग चालवणारी बाई ती. धागा तुटला तर तिला कानाआधी तळपायाला कळायचं. त्या सीटवर बसलो तेव्हा मला एवढंच कळलं, की हिथं आवाज वरनं नाही, खालनं यायला हवा. जड पेटीत बळ असतं, पण ते सगळं एकाच वाटेनं धावतं. या डबीत पाच वाटा आहेत, म्हणून चार मिटून एक उघडता आली. निवडताना पेटी किती मोठी ते बघू नये. तिच्यातली कुठली वाट कुणापर्यंत पोचते, ते बघावं. इथं कोण बसतं, हे मी उगाच विचारत नाही.”

बाळगोंडाने मान खाली घातली. इतकी वर्षे ज्या प्रश्नाला तो मनात हसला होता, तो प्रश्न त्याला आता प्रथमच ऐकू आला.

गाडीत भजन रंगात आले होते. कॅसेट मोठी होती. अचानक आक्कांची बोटे थांबली. कपाळाला आठी पडली. आता काय बिघडले?

आक्का सीटवर तळवा दाबून काही अंदाज घेत होत्या. मग डोळे न उघडताच, घरातल्या घरात बोलावे तशा स्वरात त्या म्हणाल्या, “कणीक वाळत आली. त्यांना म्हणावं, पाण्याचा हात लावा.”

तात्यांनी नकळत हात जोडले. पेनड्राइव्हवरचे भजन शेटनी कितीदा ऐकले होते, पण शेवटाकडे धुमा चढतो हे त्यांच्या शाबूत कानांनाही कधी कळले नव्हते. आणि आता पाण्याचा हात लावणार कोण? लावणारा तर केव्हाच गेला होता. शेट हताशपणे तात्यांकडे बघत राहिले.

तेव्हा बाळगोंडा पुढे झाला. त्याने आवाज वाढवला नाही, कुठला स्क्रू फिरवला नाही. त्याने वाकून, हळूच, भजन पहिल्यापासून लावले, जिथे कणीक नुकतीच मळलेली होती आणि ओली होती.

सीटखालून पहिला खर्ज आला. चंद्राक्कांच्या कपाळाची आठी विरली.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता बरोबर बोलतोय.”

आणि त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे हात नेऊन, कोणाला तरी वाटी द्यावी तसा, तो किंचित पुढे सरकवला.