हिरव्या कोळीणबाईचा फोटो

गोदूच्या घरी भाकरी रोज असायची. कालवण मात्र पाहुण्यासारखं, आलं तर आलं. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती की त्याचा मूळचा रंग कोणता यावरून ती आणि तिचे आजोबा अधूनमधून वाद घालत. आईबाबा ती रांगत असतानाच देवाघरी गेलेले. घरात ती, भिकाजीआजोबा आणि मागचं परस, एवढाच काय तो कबिला.

पण परस कसं होतं म्हणता! केळी, कर्दळी, अळूचे गडद हिरवे कान, तांबडीलाल जास्वंद आणि मधोमध पाण्याचा दगडी हौद. सकाळी गवताच्या पात्यापात्यावर दवाचे इवलेसे मणी लुकलुकत. निळे चतुर हौदावर घिरट्या घालत, पिवळीधमक फुलपाखरं कर्दळीवर टेकत, आणि पानांच्या मागे सोनेरी, शेंदरी, मोरपंखी किडे आपापल्या कामाला लागलेले असत. एवढं ऐश्वर्य घरामागे असलेली मुलगी गरीब कशी, असं तुम्हाला वाटेल. गोदूलाही तसंच वाटायचं, भूक लागेपर्यंत.

भिकाजीआजोबांचं पूर्वी बाजारपेठेत फोटोचं दुकान होतं. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की ते त्याची हनुवटी हलकेच धरून उजेडाकडे वळवत, खांदे सरळ करत, कपाळावरची बट मागे सारत आणि मगच म्हणत, "आता हलू नका." माणूस आधी नीट बसवावा लागतो, तरच फोटो चांगला येतो, हे त्यांनी गोदूला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं.

मग आजोबांच्या डोळ्यांवर पडदा आला. आधी धुकं, मग दाट धुकं, मग नुसता पांढरा उजेड. हा पडदा काढता येण्यासारखा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दुकान बंद झालं. साऱ्या गावाचे चेहरे ज्यांनी टिपले, त्यांना स्वतःच्या नातीचा चेहरा दिसेना. दिवेलागणीला ते तिला जवळ घेऊन तिच्या गालांवरून बोटं फिरवत, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं आहे. गोदूला तेव्हा फार वाईट वाटे. तिला जगात एकच गोष्ट हवी होती: आजोबांनी एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे बघावं.

ते होईना, म्हणून दोघांनी दुसरं काहीतरी शोधून काढलं. जुन्या कॅमेऱ्यापुढे त्यांनी पोथी वाचायचं भिंग दोऱ्याने बांधलं आणि परसातल्या किड्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. गोदू पोटावर सरपटत जायची, कॅमेऱ्यातून बघायची आणि दिसेल ते मोठ्याने सांगायची. आजोबा दगडी बाकावर बसून ऐकायचे आणि उजेड किती, अंतर किती, ते विचारून कळ कधी दाबायची ते सांगायचे. फोटो धुवायचे ते अंधाऱ्या खोलीत. त्या अंधारात डोळस माणूसही आंधळाच, त्यामुळे ते काम आजोबांना अजून झकास जमायचं.

भिंगातून बघितलं की परस पार बदलून जाई. माशीच्या डोळ्यात शेकडो बारीक खिडक्या दिसत. फुलपाखराचा पंख म्हणजे चिमुकल्या खवल्यांनी शाकारलेलं छप्पर निघे. गोदूचा श्वास अडके, आणि बाकावर आजोबाही श्वास रोखून म्हणत, "पुढे सांग. सगळं सांग."

आता गोदू गुणी होती असं कुणी समजू नये. ती एक नंबरची खोडकर होती. गोगलगाईच्या पाठीवर तिने टिकली चिकटवली होती. कोळ्याचं जाळं नीट दिसावं म्हणून त्यावर पीठ फुंकलं होतं, आणि कोळ्याच्या जोडीला आजोबाही शिंकले होते. पण एक गोष्ट ती न चुकता करायची. रोज सकाळी हौदात पडलेल्या किड्यांना ती पानाच्या होडीतून बाहेर काढून उन्हात ठेवायची. ओल्या माणसाला उन्हात बसवावं, किडा झाला म्हणून काय झालं, असं तिचं म्हणणं.

एका सकाळी त्या होडीतून एक वेगळाच किडा निघाला. जाळीदार पंख चिंब होऊन अंगाला चिकटलेले, अंगावर फिकट चंदेरी झळाळी. गोदूने त्याला तळहातावर घेतलं आणि ऊन लागावं म्हणून हात पुढे धरून बसली. हाताला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, पण जन्मात पहिल्यांदा गोदू हलली नाही. हळूहळू पंख सुकले, उलगडले, त्यांत सात रंग थरथरले. आणि बघते तर तळहातावर करंगळीच्या नखाएवढी परी उभी.

"मी या परसातली परी," ती म्हणाली. तिचा आवाज दवाचा थेंब पानावरून घरंगळावा इतका हळू होता. "तू मला सुकवलंस. माग, तुझी एक इच्छा."

गोदू क्षणभरही थांबली नाही. समोरच कर्दळीच्या पानाखाली एक हिरवीगार कोळीणबाई बसली होती. काल भिंगातून गोदूने तिचे डोळे मोजले होते. "हिला आठ डोळे आहेत," ती म्हणाली. "त्यातले दोन माझ्या आजोबांना दे. हिला सहा पुरतील."

परी हसली. तिने सांगितलं की इच्छेला नियम असतात. एकाचं काढून दुसऱ्याला देता येत नाही. ज्याचं आहे त्याने आपण होऊन दिलं तरच ते चालतं. शिवाय इच्छा पिकावी लागते. कच्ची मागितली तर ती एखादंच काम करते आणि संपते. पिकली की तिला पुढे इच्छांचे झुबके लागतात. "उद्याचं दव पडेपर्यंत थांब. तोवर परसातल्या कुणालाही जागचं हलवू नकोस. हलवलंस तर त्याच घटकेला इच्छा मागावी लागेल, कच्चीच."

एवढं सांगून ती उन्हाच्या तिरिपेत मिसळून गेली. गोदूने धावत जाऊन आजोबांना सगळं सांगितलं. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, पण आजोबांनी आयुष्यभर कोऱ्या कागदावर माणसं उमटताना पाहिली होती. त्यांना परीचं काही विशेष वाटलं नाही. ते फक्त म्हणाले, "बाळा, आजचा दिवस हात मागे बांधून बस."

गोदू खरंच हात मागे बांधून बसली. पण डोक्यात विचारांची फुगडी चाललेली. उद्या आजोबांना दिसायला लागेल. मग त्यांनी पहिला फोटो कोणता बघायचा? त्या हिरव्या कोळीणबाईचाच. तिने पानाखाली पांढऱ्या रेशमाची एक इवली पोटली टांगली होती. पोटलीत तिची अंडी होती, आणि ती आठही पायांनी पोटलीला कवटाळून, तहानभूक विसरून, तिथे राखणीला बसली होती. इतकी सुंदर आई गोदूने कधी पाहिली नव्हती.

तिने कॅमेरा आणला. पण पानाखाली सावली. आजोबांनी बाकावरून विचारलं तशी तिने सांगितलं, काळोख आहे. मग थांब, ऊन फिरेल, ते म्हणाले. थांबणं आणि गोदू यांचं आज सकाळीच काय ते एकदा जमलं होतं. ती विचार करू लागली. दुकानात आजोबा काय करायचे? माणसाला उजेडात बसवायचे. हनुवटी वळवायचे. त्याशिवाय फोटो चांगला येतच नाही. आणि पान हलवलं म्हणजे काही कोळीण हलवली असं होत नाही.

तिने पान अलगद खुडलं आणि हौदाच्या काठावर, भर उन्हात नेऊन ठेवलं.

पान खुडताना बसलेल्या हिसक्याने कोळीणबाई खाली गवतात पडली होती, ते गोदूला कळलंच नाही. कळलं तेव्हा हौदाच्या काठावरून तांबड्या मुंग्यांची रांग पोटलीपर्यंत पोचली होती. बघता बघता पांढरं रेशीम मुंग्यांनी लाल झालं. गोदूने फुंकर मारली, बोटांनी मुंग्या ओढल्या. त्या तिला कडकडून चावल्या, पण पोटली सोडीनात. तिकडे कोळीणबाई कशीबशी कर्दळीवर चढून आली होती. जिथे पान होतं तिथल्या रिकाम्या देठावर ती पाय टेकून चाचपडत होती. पुढे जाई, मागे येई, पुन्हा तिथेच चाचपडे.

ते चाचपडणं गोदूने रोज संध्याकाळी पाहिलं होतं.

हौदाच्या काठावर परी उभी होती. ती रागावलेली नव्हती, पण तिचे पंख मिटलेले होते. "आत्ताच मागावं लागेल, गोदू," ती म्हणाली. "काम एकच होईल. आजोबांचे डोळे मागितलेस तर तेही मिळतील."

गोदूने बाकाकडे पाहिलं. आजोबा तिच्या दिशेने तोंड करून बसले होते, पण त्यांची नजर तिच्या बरीच बाजूला, जास्वंदीवर लागलेली होती. ती तिथे आहे असं समजून ते जास्वंदीकडे बघून हसत होते. गोदूला हुंदका फुटला. मग तिने देठावरच्या कोळीणबाईकडे पाहिलं.

"हिला हिची पिल्लं दे," ती म्हणाली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा मुंग्या निमूटपणे परत चालल्या होत्या. पान कर्दळीवर जसंच्या तसं होतं, सावलीत, आणि पानाखाली कोळीणबाईने पोटलीला आठही पायांनी मिठी मारली होती. परी कुठेच दिसत नव्हती.

गोदू रडत रडत आजोबांच्या मांडीवर जाऊन पडली आणि तिने सगळं सांगून टाकलं. पान खुडलं तेही, आणि इच्छा संपली तेही. आजोबा बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करतेय ती?"

"पोटलीवर गाल टेकून बसलीय," गोदू मुसमुसत म्हणाली.

"मग झालं तर," आजोबा म्हणाले, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्यानंतर गोदू रोज त्या पानासमोर जाऊन बसू लागली. हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, नुसतं बघायचं. तिला स्वतःलाच नवल वाटलं, पण न हलवता बघितलं की जास्त दिसतं. कोळीणबाई पोटली हलकेच फिरवते, ऊन वाढलं की तिच्यावर सावली धरते, हे सगळं तिला आताच दिसलं. ती ते आजोबांना सांगे. कधीकधी आजोबाही काठी टेकत येऊन तिच्याजवळ गवतात बसत.

असेच दोघं बसलेले असताना एका कोवळ्या सकाळी कोळीणबाईने पोटलीला बारीकशी चीर पाडली.

आधी एक पाय बाहेर आला, केसाहूनही बारीक. मग एक पिटुकलं पिल्लू. मग दहा, मग किती ते कुणी सांगावं. मोहरीहून लहान, पाणीदार हिरवी पिल्लं पानावर सांडली. त्यांनी इवल्या पोटांची टोकं वर केली आणि प्रत्येकाच्या टोकातून एक धागा सुटला. वाऱ्यावर ते धागे चमकले: चांदीचे, सोन्याचे, मध्येच जांभळे. पिल्लं त्या धाग्यांवरून तरंगत निघाली आणि थेट आजोबांच्या हातावर, दाढीवर, भुवयांवर येऊन उतरली.

"आजोबा, हलू नका," गोदू कुजबुजली.

आजोबा हलले नाहीत. पिल्लं त्यांच्या पापण्यांवर जमली. त्यांना धाग्यातलं सगळं कळत होतं. कुठून धरायचं, कुठून उसवायचं, ते जन्मताच ठाऊक होतं. एका पिल्लाने आजोबांच्या डोळ्यावरच्या पांढऱ्या पडद्याचं टोक शोधलं आणि ओढलं. धागा निघाला. दुसऱ्याने दुसरा ओढला. सरसर, सरसर पडदा उसवत गेला आणि ज्याचा त्याचा धागा घेऊन एकेक पिल्लू वाऱ्यावर स्वार झालं. केळीच्या वर, माडांच्या वर, निळ्या आभाळात लखलखते धागेच धागे तरंगू लागले. गोदूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

त्या धाग्यांमध्ये परी होती. "परसात जो जन्मतो त्याला एक इच्छा मिळते, गोदू," ती वरून म्हणाली. "फार छोटी असते, रवाळ साखरेच्या कणाएवढी. बहुतेक जण तिची न्याहारी करून मोकळे होतात. या साऱ्यांनी आपापली इच्छा तुझ्या आजोबांना दिली. मी मागितली नव्हती. त्यांनी आपण होऊन दिली."

बोलता बोलता तिच्या पंखांतले सात रंग एक झाले. आधी फिकट, मग शुभ्र, मग डोळे दिपतील इतका उजेड परसभर पसरला, आणि तो ओसरला तेव्हा तिथे रोजचं कोवळं ऊन होतं.

आजोबांनी डोळ्यांची उघडझाप केली. त्यांनी कर्दळ बघितली नाही, आभाळातले धागे बघितले नाहीत. ते मान वळवून सरळ गोदूकडे बघत राहिले; बाजूला नाही, जास्वंदीकडे नाही, तिच्याकडे. इतका वेळ बघत राहिले की गोदूला लाजल्यासारखं झालं.

"तुझे पुढचे दात केवढे मोठे आलेत गं," ते म्हणाले.

गोदूने पटकन तोंडावर हात धरला.

"हात काढ," आजोबा म्हणाले. "बघू दे मला."

तिने हात काढला. कॅमेरा बाजूला गवतात पडून होता, पण त्या सकाळी त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही.