कोरी चिठ्ठी

"पण आबाजी, मरणाशिवाय नाटकातल्या त्या दोघांचा शेवट होईल कसा?"

दयाराम मास्तरांनी सायकल अजून नीट उभीही केली नव्हती. तलावाकाठच्या झोपडीपुढं सोमाआबाजी दोर वळत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या नाटक मंडळाचा पडदा ओढला. अक्षर ओळखत नव्हते, पण तोंडाला रंग लावण्याआधी मंडळातला प्रत्येक नट त्यांच्या पाया पडून जायचा.

"बसा मास्तर."

मास्तर बसले नाहीत.

"लोक म्हणतात, यंदा त्या पोरापोरीला वाचवा. अहो, वीस वर्षं मी त्या पोरीच्या बापाचं काम करतो! दोन प्रेतांमध्ये बसून मी टाहो फोडला, की मांडवात एक डोळा कोरडा राहत नाही. आणि म्हणे शेवट बदला!"

"मग नका बदलू."

"नाहीच बदलणार." मास्तर चार पावलं गेले, परत आले. "पण परवा तालमीत... रडूच फुटलं नाही मला."

आबाजींनी दोराला पीळ दिला.

"वाचवायचीच झाली, तर कुठं वाचतील ती?"

"शेवटच्या अंकात नाही. तिथं फार उशीर झालेला असतो. दुसऱ्या अंकात बाप तिची चिठ्ठी दाबतो ना... तिथं."

"करून दाखवा बरं. म्हातारा झालो, विसरलो."

मास्तरांना एवढं पुरे होतं. छाती पुढं आली, आवाज चढला. सवयीनं हात खिशात गेला आणि त्यांनी कागद उन्हात फडकावला.

"ही चिठ्ठी त्याच्या हाती पडणार नाही! मी बाप आहे तिचा!"

तलावावरचे बगळे उडाले.

आबाजी कागदाकडं बघत राहिले.

"आपल्या मंडळातली चिठ्ठी कायम कोरी असायची, मास्तर. ही लिहिलेली दिसते."

मास्तरांचा हात तसाच वर राहिला... मग हळूहळू खाली आला.

"माझ्या पोरीची, रेवतीची आहे. पलीकडच्या गावातल्या कुंभाराच्या पोराला, मुरलीला लिहिलेली. पोस्टात टाक म्हणून शेजारणीकडं दिली होती. शेजारणीनं मला आणून दिली."

"काय लिहिलंय?"

"गुरुवारी दिवस मावळायच्या आत ये, बाबांशी बोल. नाही आलास, तर तुझ्या मनात मी नव्हतेच असं समजेन."

"आज वार कोणता?"

मास्तरांनी तलावाकडं पाहिलं.

"गुरुवार."

"आणि पोर?"

"सकाळपासून उंबऱ्यात बसलीय. वाटेकडं डोळे. जेवत नाही, बोलत नाही. तिची आई तिला एकटीला विहिरीवर जाऊ देत नाही..."

आबाजींनी मान वर करून उन्हाकडं पाहिलं. ऊन झोपडीच्या सावलीला चिकटून पुढं सरकत होतं.

"चिठ्ठी देऊन टाकली तर?"

"तर बापाला काम काय उरलं?"

"पंगतीत बुंदी वाढायची."

मास्तरांना हसू आलं आणि लगेच त्या हसण्याचा राग आला.

"चेष्टा नको, आबाजी! चार गावांत मान आहे मला. कुंभाराच्या घरी पोर देऊ? रडेल आठ दिवस. जेवणार नाही चार दिवस. मग होतं सगळं पहिल्यासारखं. मी समजावीन तिला."

आबाजींनी दोर खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकत उठले. सायकलचं तोंड मास्तरांच्या घराकडं होतं. म्हाताऱ्यानं ती धरली आणि सावकाश पलीकडच्या गावाच्या वाटेकडं फिरवून उभी केली.

"मास्तर, आपल्या नाटकात पडदा पडला, की ती मेलेली दोघं उठून माझ्याकडं चहा मागायची."