इरपा दादाला घरी आणलं ती दुपार

"माझ्या दादाचं नाव त्यांना कोणी सांगितलं?"

मी विचारलं. वंजा आजाने मान वर केली नाही. तो बांबूच्या कामट्या तासत होता.

"नदीवर जाऊन हाक मारलीस का?" त्याने विचारलं.

रोजचं हेच होतं. मी माझा प्रश्न विचारायचा, त्याने त्याचा. उत्तर कोणीच द्यायचं नाही.

आम्ही इंद्रावतीच्या पलीकडचे. आमची बावीस घरं होती. एका दिवशी बंदूकवाले आले आणि माझ्या इरपा दादाला अंगणातून घेऊन गेले. जैनी वहिनी मागे धावली, म्हणून तिलाही. शेताच्या बांधावर दोघांना मारलं. चार दिवसांनी दुसरे बंदूकवाले आले. म्हणाले, "पहिल्यांना भात का घातला?" आणि घरं पेटवली. त्यातही माणसं गेली.

पोरं खांद्यावर घेऊन आम्ही नदी ओलांडली. इकडे वंजा आजाने आपल्या शेताचा तुकडा दाखवला. "इथे छपऱ्या घाला," म्हणाला. किती दिवसांसाठी, हे त्याने अजून विचारलेलं नाही.

आमच्यात माणूस मेला की त्याचा जीव पाण्यात जातो. घरच्यांनी नदीत उतरून त्याच्या नावाने हाक मारायची. पहिलं हाताला जे येईल ते, मासा असो की किडा, मडक्यात घालून घरी आणायचं. आणलं की तो घरचा. तोवर तो परका, पाण्यातच.

"आधी तो माणूस सापडू दे," मी म्हणायचो. "मग आणीन दादाला."

"तोवर तो भिजत राहील," आजा म्हणायचा.

माणूस मी मनात धरून ठेवला होता. दसरू. तिकडे आमचा शेजारी, मीठमिरची विकायचा, दर बाजाराला जायचा. इकडेही त्याची छपरी माझ्या छपरीला लागून होती. मी त्याला शिव्या द्यायचो. एकदा त्याच्या दारात थुंकलो. तो म्हणाला, "जेवलास का?" आणि आत गेला. माणूस असा गप्प राहतो तो काय उगीच?

त्या दिवशी सकाळी मी कुऱ्हाडीला धार लावली आणि आजाकडे गेलो.

"आज शेवटचं विचारतो, आजा. तू सांगत नसशील तर दसरूला विचारीन. हिनेच विचारीन."

आजाने कुऱ्हाडीकडे पाहिलं. हात पुढे केला.

"आण इकडे."

म्हाताऱ्याने अवजार मागितलं की द्यायचं, एवढंच मला माहीत. मी दिली. त्याने एक लांब बांबू उभा धरला आणि एका घावात चिरला.

"चांगली धार लावलीस गा." कुऱ्हाड त्याने आपल्या मांडीखाली घेतली. "आता सांग. दादाला नेलं त्या दिवशी सकाळी तू काय केलंस?"

"मी? माझं काय विचारतोस?"

"सांग तर."

"गुरं घेऊन गेलो."

"मग?"

"ओढ्याजवळ ते बंदूकवाले बसले होते. पाचजण. पाणी मागितलं, मी दिलं."

"एकटाच होतास?"

"दसरू होता! म्हणून तर म्हणतो…"

"मग?"

"त्यांनी तंबाखू दिली. गावाची विचारपूस केली. गावात शहाणा कोण आहे म्हणाले."

"मग?"

"मग मी म्हटलं, माझा दादा. दुसरा कोण आहे? सही करता येते त्याला. मोठ्या साहेबाने त्याला खुर्चीवर बसवून चहा पाजला…"

आजा कामटी तासत राहिला.

"…कुठला साहेब, असं त्यांनी विचारलं."

"मग?"

…

मग दसरूने मागून माझा सदरा ओढला होता. मी त्याचा हात झटकला होता. आणि सांगितलं होतं. साहेब पोलीस ठाण्याचा, दादा तिथे किती वेळा गेला, सगळं. हसत सांगितलं होतं. दादा मोठा माणूस आहे, हे त्यांना कळावं म्हणून.

मी तिथेच खाली बसलो.

कामटीवरून आजाची सुरी फिरत होती.

उठलो तो थेट दसरूकडे गेलो. तो छपराला दोर बांधत होता.

"तू सांगितलं का नाहीस?" मी ओरडलो. "मी तुला शिव्या दिल्या. तुझ्या दारात थुंकलो."

"दोर धर," दसरू म्हणाला.

मी दोर धरला.

"घट्ट धर. छप्पर घालायचं होतं रे. तुला सांगत बसायला वेळ कुठे होता?" त्याने गाठ मारली. माझ्याकडे पाहिलं नाही. "आणि जैनी मला भाऊ म्हणायची. तिच्या घरातला तू एकच उरला होतास."

पलीकडच्या छपरीतून बुधरी काकी बाहेर आली. आमच्या गावात तिच्यासारखं तोंड कोणाचं नाही.

"कळलं एकदाचं?" ती म्हणाली. "सगळ्यांनी ओठ दाबून धरले होते, बाबू. मला सगळ्यांत जड गेलं. पोटात दुखायचं माझ्या."

तीन महिने. बावीस घरं. लहान पोरांनासुद्धा त्यांनी गप्प बसवलं होतं. शिव्या मी देत होतो, भात ते वाढत होते. त्यांचीही घरं जळली होती, त्यांचीही माणसं गेली होती. तरी मला सांभाळायला त्यांच्यापाशी एवढं कुठून आलं, मला अजून समजत नाही. मी फक्त हात जोडले. दोर हातातच होता.

आजा काठी टेकत आला होता.

"आजा, आता मी कोणत्या तोंडाने हाक मारू?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणशील?"

दसरूने मडकं उचललं आणि तो पुढे चालू लागला.

सगळे आले. म्हाताऱ्या आल्या, अंगावरची पोरं घेऊन बाया आल्या. पाणी गुडघाभर होतं. पलीकडच्या काठावर आमची जळकी झाडं दिसत होती. मी तिकडे तोंड करून उभा राहिलो.

"इरपा दादा…"

आवाज फुटला नाही. दसरू मडकं धरून शेजारी उभा होता. तो म्हणाला, "तुझा आवाज तर ओढ्यापासून गावात ऐकू यायचा. मार हाक."

"इरपा दादा, घरी चल!"

मी ओंजळ बुडवून वर काढली. एवढासा झिंगा होता, नखाएवढा. मी तो परत पाण्यात टाकला.

"अरे, काय केलंस!" बुधरी काकी काठावरून किंचाळली.

"काकी, दादा केवढा उंच होता! हा बघ ना…"

आजा दगडावर बसला आणि हसू लागला. खोकला येईपर्यंत हसला.

"तीन महिने वाट पाहून बिचारा आला," तो म्हणाला, "आणि सख्ख्या भावाने दारातून हाकलला."

"आता?"

"आता काय? तुझाच भाऊ आहे. परत बोलाव."

मी परत बोलावलं. परत झिंगाच आला. तोच की दुसरा, मी पाहिलं नाही. दोन्ही हातांनी धरून मडक्यात सोडला.

मग वहिनीला हाक मारली. बोटाला काहीतरी जोरात चावलं. खेकडी होती, सोडायलाच तयार नव्हती.

"जैनीच ती!" बुधरी काकी म्हणाली.

बाया हसल्या. दसरू हसला. मीही हसलो, आणि हसता हसता पाण्यात बसून रडलो. कोणी मला उठवलं नाही. सगळे थांबले.

घरी, म्हणजे छपरीत, बायांनी जमीन सारवून ठेवली होती. मधल्या खांबाजवळ मी मडकं ठेवलं. आजाच्या घरून तांदूळ आला होता. भात मी स्वतः शिजवला. पानांचे दोन द्रोण लावले, एक दादाला, एक वहिनीला. मीठ दसरूने दिलं. त्या दोघांसाठी माझ्या हातून झालेलं हे शेवटचं काम.

दारात सगळे उभे होते. मी मडक्यासमोर दोन्ही हात जमिनीला टेकले.

"दादा, त्या दिवशी ओढ्यावर मी…"

आजाने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लांबून आलेत गा. आधी बसू दे त्यांना."