ताणलेली तार

कोणी म्हणजे कोणीच तारेचं खरं मानलं नाही.

फार मागं, दिवसाला एकच गाडी जाणाऱ्या रुळांवर एक सिग्नल होता. त्याचा हात आडवा असला की गाडी थांबायची. केबिनमधल्या दांड्यानं तार ओढली की हात झुकायचा, गाडीला वाट मिळायची.

माघातल्या दुपारी उन्हानं तार सैल पडली. दांड्यानं रेल्वेच्या खलाशाकडून ती करकचून ताणून घेतली.

"दांडेमामा, पहाटे गारठ्यानं मी आखडेन. हात आपोआप झुकेल हो!"

"तुझी रोजचीच रड, बये!"

पहाटे हात झुकला. गाडी थांबली नाही. आडव्या हाताच्या भरवशावर भैरू गँगमन रुळात काम करत होता.

चौकशीत हात म्हणाला, "मला ओढलं, मी झुकलो." दांडा म्हणाला, "मी जागचा हललोच नाही." दोघंही खरंच बोलले.

भैरूची बायको अजून रुळाशीच बसली होती. साहेबांनी दोषी ठरवली तार.