गाडीला बांधलेला जस्ताचा गोळा

कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या वर्षांपूर्वी, खाडीकाठच्या एका गावात एक गाडीवान आणि त्याची बायको राहत होती. त्यांच्या बैलगाडीची दोन्ही चाकं ज्यावर फिरत, तो आस लोखंडी होता, आणि खाडीचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही. म्हणून दर आठ दिवसांनी बायको गाडीखाली शिरायची, काथ्याने आस घासायची आणि त्याला करंजाचं तेल चोपडायची. तिच्या बोटांचा काळेपणा सणासुदीलाही जात नसे. गाडीवानाला ते पाहवत नसे. आपणच गाडीखाली शिरावं, हे मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

एकदा तो मेहुण्याच्या होडीवर गेला. मेहुण्याने नांगर वर ओढला. कितीतरी दिवस पाण्यात राहूनही त्यावर गंज नव्हता. त्याला जस्ताचा एक गोळा घट्ट बांधलेला होता.

"दाजी, गंज या गोळ्याला खातो आणि नांगराला सोडतो," मेहुणा म्हणाला.

गाडीवान तसलाच गोळा घेऊन घरी आला आणि त्याने तो आसाला बांधला. "आता तू गाडीखाली जायचं नाहीस," तो बायकोला म्हणाला. "हात बघ कसे झालेत."

इतक्या वर्षांत तिच्या हातांबद्दल तो पहिल्यांदाच बोलला होता. ती नुसती हसली.

पंधरा दिवसांनी तिने वाकून पाहिलं. आसावर तांबूस पूड धरली होती. त्याला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण तो बैलांना कुरवाळत गुणगुणत होता. तिला धीर झाला नाही. तो बैलांना पाण्यावर घेऊन गेला, तसा तिने आस घासला, तेल लावलं आणि राखेने हात धुतले. उरलेला काळेपणा जुनाच, असं तो समजे. मग दर आठ दिवसांनी तसंच.

पावसाळा सरला, हिवाळा सरला. आस लखलखीत. गाडीवान पारावर बसून सांगे, "तेलाचं बोट लावलेलं नाही. सगळी गोळ्याची करणी."

एक दिवस शेजारचा गाडीवान दारात आला. "वहिनी, घाटापलीकडे निघालोय. येताना तुमच्या लेकीला घेऊन येतो."

लेक पहिलटकरीण, बाळंतपणासाठी माहेरी यायची होती.

"भावोजी, आसाला तेल लावलंत ना?"

"तेल कशाला? तुमचं बघून मीही गोळा बांधलाय. तेव्हापासून तेलाचं गाडगं उघडलेलं नाही."

ती त्याच्या गाडीखाली वाकली. आसावरून नख फिरवलं, तर खपलीच हातात आली. तिच्या डोळ्यांपुढे घाटाचा उतार आला, आणि गाडीत बसलेली लेक. तिने नवऱ्याला हाक मारून बोलावलं आणि शेजाऱ्यादेखतच सांगितलं, "अहो, गोळ्याने काही झालेलं नाही. मी चोरून तेल लावत होते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

शेजाऱ्याने हातोडा आणून आपल्या आसावर एक घाव घातला. आसाला मधोमध तडा गेला.

"हा घाटात तुटला असता," तो हळूच म्हणाला.

मेहुण्याला हे कळलं, तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "दाजी, नांगर पाण्यात बुडालेला असतो, म्हणून गोळा त्याला राखतो. तुम्ही गाडी काय खाडीच्या तळातून हाकता?"

लेक बापाच्याच गाडीतून सुखरूप आली. आठ दिवसांनी बायको तेलाचं गाडगं शोधू लागली, तर ते सापडेना. अंगणात येऊन पाहते, तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले.

"अगं, काथ्या दे जरा," खालून आवाज आला.

संध्याकाळी तो बराच वेळ राखेने हात चोळत बसला. काळेपणा गेला नाही. तसाच तो जेवायला बसला, आणि बायकोने त्याच्या पानात भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. "हा गोळा मात्र गुणाचा आहे," ती म्हणाली.

गुण कशाचा आला हे ठरवण्याआधी, त्यामागे कुणाचे हात राबत आहेत ते पाहावे.